अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ खेळांतील आक्रमणगती

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ताब्यात असलेला संघ एक चाल संपल्यानंतर पुढची चाल किती वेळाने सुरू करतो, यावरून त्या संघाची आक्रमणगती ठरते. हा अवधी परिस्थितीनुसार कमी-अधिक करणे, हे त्या खेळातील डावपेचांचे एक प्रमुख अंग होय. या खेळावर आधारलेल्या व्हिडिओ खेळांत खेळाडूंचे चेहरे, गणवेश, क्रीडांगणे आणि प्रेक्षकांचा कोलाहल यांचे चित्रण विसाव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तरोत्तर हुबेहूब होत गेले. आक्रमणगतीचे वास्तव चित्रण मात्र दीर्घकाळ अवघड ठरले. गती ही पडद्यावर दिसणारी वस्तू नाही. दोन चालींमधील, वरवर पाहता काहीच न घडणाऱ्या अवधीत जे निर्णय घेतले जातात, त्यांचा ती परिणाम असते. हे निर्णय नीट साधले नाहीत, तर चालींची संख्या, गुणसंख्या, खेळाडूंची दमछाक आणि सामन्याचा शेवट ही सर्वच अंगे बिघडतात. प्रस्तुत नोंदीत ‘फुटबॉल’ ही संज्ञा अमेरिकन फुटबॉल या अर्थानेच वापरली आहे.

खेळातील कालगणना : फुटबॉलचे क्रीडांगण दोन गोलरेषांमध्ये १०० यार्ड (९१.४४ मी.) लांब असून प्रत्येक संघात ११ खेळाडू असतात. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड (९.१४ मी.) पुढे सरकावे लागते, ते साधल्यास त्यास पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक स्वतंत्र चाल असते व ती काही सेकंदांतच संपते. सामना प्रत्येकी १५ मिनिटांच्या चार भागांत खेळतात. व्यावसायिक सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारणपणे ६० ते ६५ चाली येतात. महाविद्यालयीन सामन्यात ही संख्या सामान्यतः काहीशी अधिक असते.

या खेळात दोन घड्याळे एकाच वेळी चालतात. पहिले सामन्याचे घड्याळ. ते सामन्याचा उरलेला वेळ दाखवते. दुसरे चालीचे घड्याळ. आधीची चाल संपताच ते ४० सेकंदांपासून उलटे चालू लागते व ते शून्यावर येण्यापूर्वी नवी चाल सुरू करावी लागते. तसे न झाल्यास संघाला ५ यार्डांचा दंड होतो. पास झेलला न जाता जमिनीवर पडल्यास सामन्याचे घड्याळ थांबते व पुढची चाल सुरू झाल्यावरच पुन्हा चालू होते. खेळाडू चेंडूसह सीमारेषेबाहेर गेल्यासही ते थांबते. मात्र व्यावसायिक खेळात पूर्वार्धाची शेवटची दोन आणि उत्तरार्धाची शेवटची पाच मिनिटे वगळता ते पंचांच्या इशाऱ्यानंतर लगेच चालू होते. महाविद्यालयीन खेळात १० यार्डांचा टप्पा पूर्ण होताच घड्याळ थोडा वेळ थांबविण्याची जुनी पद्धत होती. २०२३ पासून वरच्या श्रेणीतील सामन्यांत ती प्रत्येक अर्धाच्या शेवटच्या दोन मिनिटांपुरतीच ठेवण्यात आली, त्यामुळे चालींच्या संख्येत काहीशी घट झाली.

घड्याळ चालू असताना संघाने चालीच्या घड्याळाचे किती सेकंद वापरावयाचे, हे सर्वस्वी त्याच्या इच्छेवर असते. कबड्डीत आघाडीवर असलेल्या संघाचा चढाईपटू चढाईचे ३० सेकंद पुरेपूर वापरून वेळ काढतो, तर पिछाडीवरील संघाचा चढाईपटू गुण मिळताच परततो. फुटबॉलमध्येही तत्त्व हेच आहे. फरक एवढाच, की फुटबॉलमध्ये असा निर्णय एका सामन्यात शंभराहून अधिक वेळा घ्यावा लागतो.

गतीचे प्रकार : पारंपरिक पद्धतीत प्रत्येक चालीपूर्वी आक्रमक संघाचे खेळाडू एकत्र वर्तुळात उभे राहतात आणि क्वार्टरबॅक त्यांना पुढची चाल सांगतो. या जमावास ‘हडल’ म्हणतात. वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयाच्या संघाने हातांच्या खुणा प्रतिस्पर्ध्यांना दिसू नयेत म्हणून १८९० च्या दशकात ही पद्धत सुरू केली, असे मानले जाते. हडल टाळून खेळाडूंनी थेट रेषेवर उभे राहण्याच्या पद्धतीस ‘नो-हडल’ असे नाव आहे. पूर्वी ती केवळ अर्धाच्या शेवटच्या मिनिटांत, वेळ अपुरा असताना वापरीत. सिनसिनाटी बेंगॉल्सचे प्रशिक्षक सॅम वाइच यांनी १९८८ च्या हंगामात ती सामन्याच्या कोणत्याही टप्प्यावर वापरण्यास सुरुवात केली व त्यांचा संघ जानेवारी १९८९ मधील सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. त्यानंतर मार्व्ह लेव्ही यांचे प्रशिक्षण व जिम केली यांचे क्वार्टरबॅक म्हणून नेतृत्व लाभलेल्या बफेलो बिल्स संघाने याच पद्धतीच्या बळावर १९९१ ते १९९४ असे लागोपाठ चार वेळा सुपर बोल गाठले. मात्र चारही सामने त्यास गमवावे लागले. महाविद्यालयीन खेळात चिप केली यांच्या ऑरेगन संघाने (२००९–१२) चित्रे असलेले मोठे फलक मैदानाबाहेरून दाखवून चाली कळविण्याची पद्धत रूढ केली आणि वेगवान आक्रमणाचा एक आदर्शच निर्माण केला.

नो-हडल आणि वेग या दोन गोष्टी मात्र एक नव्हेत. इंडियानापोलिस कोल्ट्सचे क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग हडल न करता संघाला रेषेवर उभे करीत. पण बचावाची रचना न्याहाळून चाल बदलण्यात ते पुष्कळदा चालीच्या घड्याळाचा बहुतेक वेळ खर्च करीत. प्रतिपक्षाला खेळाडू बदलू न देणे आणि त्याचा मनसुबा उघड करणे, हा त्यामागील हेतू असे. म्हणून आक्रमणगतीचे निदान चार प्रकार मानावे लागतात : हडलसह नेहमीची गती, हडलविना परंतु संथ गती, हडलविना जलद गती आणि आघाडी टिकविण्यासाठी मुद्दाम वेळ काढणारी गती. एकच संघ एकाच सामन्यात या चारींचा अवलंब करू शकतो.

व्हिडिओ खेळांचा विकास : अटारी कंपनीने १९७८ मध्ये नाण्यावर चालणारा ‘फुटबॉल’ हा खेळ आणला. त्यात खेळाडू फुली व गोल या चिन्हांनी दाखविलेले असत व नाणे टाकून खेळाचा वेळ विकत घ्यावा लागे. अशा खेळात घड्याळ हे डावपेचाचे साधन नसून व्यवसायाचे साधन होते, हे उघड आहे. जपानच्या टेक्मो कंपनीच्या ‘टेक्मो बोल’ या खेळाच्या १९८९ मधील घरगुती आवृत्तीत प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू असून आक्रमक संघास चारच चालींतून निवड करता येई. बचाव करणाऱ्याने तीच चाल ओळखली, की आक्रमण कोसळे. निवड एवढी मर्यादित असल्याने ती क्षणार्धात होत असे आणि दोन चालींमधील अवधीला काही अर्थच उरत नसे.

वास्तवतेचा आग्रह प्रथम ‘जॉन मॅडन फुटबॉल’ (१९८८) या खेळात स्पष्टपणे दिसून आला. ओकलंड रेडर्सचे माजी प्रशिक्षक व नंतर दूरचित्रवाणीवरील समालोचक म्हणून ख्यातनाम झालेले जॉन मॅडन (१९३६–२०२१) यांचा इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने सल्ला घेतला, तेव्हा दोन्ही संघांत अकरा-अकरा खेळाडू असल्याखेरीज आपले नाव देणार नाही, अशी त्यांनी अट घातली. त्या काळच्या संगणकांच्या मर्यादित शक्तीमुळे ही अट पूर्ण करण्यास काही वर्षे लागली. पुढे या मालिकेच्या आवृत्त्या दरवर्षी निघू लागल्या. महाविद्यालयीन फुटबॉलवरील समांतर मालिका खेळाडूंच्या प्रतिमांच्या वापराविषयीच्या न्यायालयीन वादांमुळे २०१३ मधील आवृत्तीनंतर बंद पडली व ‘ई ए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५’ या नावाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. महाविद्यालयीन संघांच्या आक्रमणपद्धतींत व्यावसायिक संघांपेक्षा अधिक विविधता असल्यामुळे आक्रमणगतीचा प्रश्न या मालिकेत विशेष तीव्रतेने जाणवतो.

अवास्तव गतीची कारणे : या प्रश्नाचे स्वरूप साध्या अंकगणिताने ध्यानात येते. सामन्याचे ६० मिनिटे म्हणजे ३,६०० सेकंद होतात. दोन्ही संघांच्या मिळून १२५ चाली झाल्या असे धरल्यास (लाथेने चेंडू मारण्याचे प्रसंग येथे सोयीसाठी वगळले आहेत) प्रत्येक चालीमागे सरासरी २८.८ सेकंद पडतात. प्रत्यक्ष चालीस ६ सेकंद लागतात आणि शंभरांपैकी ३० चालींनंतर घड्याळ थांबते, असे उदाहरणादाखल मानू. थांबलेल्या घड्याळाच्या चालीमागे केवळ ६ सेकंद खर्च होतात. तेव्हा उरलेल्या ७० टक्के चालींमागे प्रत्येकी सु. ३८.६ सेकंद खर्च व्हावयास हवेत. त्यांतून चालीचे ६ सेकंद वजा केल्यास दोन चालींमधील अवधी सु. ३२.६ सेकंद येतो. म्हणजेच चालीच्या घड्याळात सु. ७ सेकंद उरले असताना नवी चाल सुरू होते.

व्हिडिओ खेळ खेळणाऱ्यास मात्र एवढा वेळ लागत नाही. त्याला अकरा खेळाडूंना निरोप द्यावयाचा नसतो, प्रशिक्षकाचा संदेश ऐकावयाचा नसतो आणि धापाही टाकावयाच्या नसतात. यादीतून चाल निवडून कळ दाबण्यास त्यास १५ सेकंद पुरतात. घड्याळ चालू असलेल्या प्रत्येक चालीमागे मग २१ सेकंद, तर सर्व चालींची सरासरी १६.५ सेकंद येते आणि ६० मिनिटांत १२५ ऐवजी सु. २१८ चाली होतात. एका संघाच्या वाट्याला सु. १०९ चाली आल्या, की पासची, धावांच्या यार्डांची व गुणांची बेरीज दीडपटीच्याही पुढे जाते. खेळात एक संपूर्ण हंगाम खेळता येत असल्यास हा दोष अधिकच बोचतो. कारण ज्या सामन्यांचे निकाल संगणक परस्पर काढतो, त्यांत चालींची संख्या वास्तवाला धरून असते. परिणामी खेळणाऱ्याच्या संघातील सामान्य खेळाडूही विक्रमवीर ठरतो व नोंदींना काही मोल राहत नाही.

घड्याळावरील उपाय : यावर दोन उपाय सर्वाधिक रूढ आहेत. पहिला, सामन्याचे भाग आखूड करणे. वरील उदाहरणात १२५ चालींना १६.५ सेकंदांप्रमाणे सु. ३४ मिनिटे लागतात. म्हणून प्रत्येक भाग सु. साडेआठ मिनिटांचा ठेवल्यास चालींची संख्या जुळते. परंतु यामुळे काळाचे प्रमाण बिघडते. १५ मिनिटांच्या भागात शेवटची दोन मिनिटे म्हणजे त्या भागाचे सु. १३ टक्के, साडेआठ मिनिटांच्या भागात तीच दोन मिनिटे सु. २४ टक्के होतात. सामन्यातील आणीबाणीचा काळ अशा रीतीने जवळजवळ दुप्पट महत्त्वाचा ठरतो.

दुसरा उपाय म्हणजे प्रवेगित घड्याळ. यात खेळणाऱ्याने चाल निवडताच दोन्ही घड्याळे ठराविक अंकापर्यंत, उदा., चालीचे घड्याळ १५ सेकंदांपर्यंत, एकदम पुढे सरकवली जातात. त्यानंतर खेळणाऱ्याने रेषेवर ५ सेकंद घेतले, तर चाल १० सेकंद उरले असताना सुरू होते. सर्व चालींची सरासरी २७ सेकंद येते व सामन्यात सु. १३३ चाली होतात. एकूण संख्येच्या दृष्टीने हा उपाय समाधानकारक आहे. त्याचा दोष निराळा आहे. हडल करणाऱ्या सर्व संघांना तो एकाच मापाने मोजतो. हडल टाळल्यास मात्र सामान्यतः तो लागू होत नाही. त्यामुळे वर सांगितलेल्या चार प्रकारांपैकी एक अतिसंथ व एक अतिजलद असे दोनच प्रकार उरतात. मॅनिंग यांची हडलविना संथ गती किंवा एखाद्या संघाची किंचित घाईची गती यांना त्यात जागाच राहत नाही. सरासरी बरोबर आली, पण संघासंघांतील भेद नाहीसा झाला, अशी स्थिती होते.

अधिक समाधानकारक पद्धतीत घड्याळ किती पुढे न्यावयाचे, हे प्रत्येक संघासाठी आणि प्रत्येक प्रसंगासाठी वेगळे ठरविले जाते. संघाच्या प्रशिक्षकास एक मूळ अवधी नेमून देतात. समजा, संथ संघास ३४ सेकंद आणि वेगवान संघास २० सेकंद. या मूळ आकड्यात आधीच्या चालीचा परिणाम, गुणांतील अंतर, उरलेला वेळ, खेळाडूबदल आणि थकवा यांनुसार भर वा घट केली जाते. वेगवान संघही पराभूत चालीनंतर बहुधा मंदावतो. एकदा १० यार्डांचा टप्पा साधला व बचाव विस्कळीत झाला, की तो सर्वांत जलद खेळतो. ही लय साधली, तर सरासरीखेरीज गतीतील चढउतारही खरा वाटतो. तसेच या मिळालेल्या अवधीत थोडी यादृच्छिकता राखणे इष्ट असते; घड्याळाच्या काट्याप्रमाणे नेमक्या त्याच सेकंदाला चाल सुरू करणाऱ्या संघाविरुद्ध बचाव करणारा अंदाजाने आधीच झेप घेऊ शकतो.

संगणकीय संघाचे निर्णय : खेळणाऱ्याच्या विरुद्ध असलेला संघ संगणकाकडून चालविला जातो, तेव्हा त्याला वेळेचे मोल कळले पाहिजे. जुन्या आज्ञावलींत हा संघ पुष्कळदा शेवटची दोन मिनिटे सुरू होईपर्यंत निवांत खेळे व त्यानंतर एकदम घाईस लागे. वास्तविक घाई केव्हा करावयाची, हे गुणांतील अंतरावर अवलंबून असते. टचडाउनचे ६ व त्यानंतरच्या जादा प्रयत्नाचे अधिकात अधिक २ गुण धरल्यास एका ताब्यात ८ गुण मिळू शकतात. म्हणून ८ गुणांपर्यंतची पिछाडी एका ताब्यात, १६ पर्यंतची दोन ताब्यांत, तर २४ पर्यंतची तीन ताब्यांत भरून निघू शकते. १७ गुणांनी मागे असलेल्या संघास तीन वेळा चेंडू हवा असतो व मधल्या काळात प्रतिपक्षही वेळ खर्च करणार असतो. दहा मिनिटे शिल्लक असताना त्याने घाई केली नाही, तर पुढे केलेली घाई निरुपयोगी ठरते. ‘किती वेळ उरला’ यापेक्षा ‘किती ताबे लागणार व तेवढ्यांना वेळ पुरेल काय’ हा प्रश्न संगणकास विचारावयास लावणे, हे या बाबतीतील मुख्य सूत्र होय.

आघाडीवरील संघाचे गणित याच्या उलट असते. प्रतिपक्षाचे सर्व टाइम-आउट संपले असल्यास क्वार्टरबॅक लागोपाठ तीन चालींत केवळ गुडघा टेकून प्रत्येकी सु. ४० सेकंद काढू शकतो; म्हणजे दोन मिनिटांहून कमी वेळ उरला असेल, तर सामना तेथेच संपतो. प्रतिपक्षाजवळील प्रत्येक टाइम-आउट यातून सु. ४० सेकंद वजा करतो. कधीकधी गुणांपेक्षा वेळ मौल्यवान ठरतो. फेब्रुवारी २०१२ मधील सुपर बोलमध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा अहमद ब्रॅडशॉ गोलरेषेपाशी थांबू पाहत होता. कारण तेथे थांबून वेळ काढणे त्याच्या संघाच्या हिताचे होते. न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या बचावाने त्याला मुद्दाम वाट मोकळी करून दिली व तोल जाऊन तो टचडाउन करून बसला. जायंट्सनी तो सामना २१–१७ असा जिंकला. परंतु उरलेल्या ५७ सेकंदांची धास्ती त्यांना घ्यावी लागली. जिथे दोन्ही संघांना वेळेचा हिशेब कळतो, तिथेच असा प्रसंग उद्‌भवू शकतो. गुण मिळविणे हेच एकमेव उद्दिष्ट दिलेला संगणकीय खेळाडू गोलरेषेपाशी कधीच थबकणार नाही.

दमछाक व खेळाडूबदल : जलद गतीचा खरा उद्देश अधिक चाली खेळणे एवढाच नसून प्रतिपक्षास श्वास घेऊ न देणे हा असतो. आक्रमक संघाने खेळाडू बदलले, तर बचावसंघालाही बदल करण्याची संधी पंचांनी द्यावी, असा नियम आहे. आक्रमक संघाने बदल केला नाही, तर ही संधी मिळेलच असे नाही. वजनदार बचावपटू मैदानावर अडकून पडावेत, हा त्यामागील डाव असतो. फेब्रुवारी २०१७ मधील सुपर बोल याचे बोलके उदाहरण आहे. अटलांटा फाल्कन्स संघ तिसऱ्या भागात २८–३ असा पुढे होता. तथापि उत्तरार्धात आघाडी असूनही त्याने चालीच्या घड्याळात पुष्कळ सेकंद शिल्लक असतानाच अनेक चाली सुरू केल्या व वेळ वाया घालविण्याची संधी दवडली. न्यू इंग्लंडने त्या सामन्यात जादा वेळेसह ९३ चाली खेळल्या, तर अटलांटाने ४६. दमलेला बचाव अखेरीस कोसळला आणि न्यू इंग्लंड ३४–२८ असे विजयी झाले. आक्रमणगती व थकवा यांचा परस्परसंबंध नसलेल्या व्हिडिओ खेळात हा सामना घडूच शकला नसता.

अनेक व्हिडिओ खेळांत हा संबंध दुबळा असतो. दोन चालींमध्ये खेळाडूंचा दम झपाट्याने भरून येतो. उलट बाजूस, हडल टाळल्यास बचावसंघ आधीच्याच रचनेत गोठून राहतो व एकच चाल पुन्हा पुन्हा यशस्वी होते. पहिल्या दोषामुळे जलद गतीचा लाभ नाहीसा होतो, तर दुसऱ्यामुळे तिची किंमतच द्यावी लागत नाही. वास्तव प्रतिमानात दम दोन प्रकारांत विभागणे आवश्यक असते : काही सेकंदांत भरून येणारा श्वास आणि सामनाभर हळूहळू घटत जाणारी ताकद. पहिला दोन चालींमधील अवधीवर, तर दुसरी एकूण चाली व बसलेले धक्के यांवर अवलंबून असते. ‘कॉलेज फुटबॉल २५’ मध्ये खेळाडूस बसलेल्या प्रत्येक धक्क्याचा हिशेब ठेवण्याची योजना आहे. तीमागील विचार हाच होय. ही दमछाक दोन्ही संघांना सोसावी लागली पाहिजे. आक्रमक संघाच्या आघाडीच्या फळीतील अवजड खेळाडूही जलद गतीने थकतात, शिवाय तीन चाली फसल्यास त्यांचा स्वतःचा बचावसंघ विश्रांतीविनाच मैदानावर परततो. वेगाची ही जोखीम नसेल, तर वेग हा डावपेच न राहता केवळ एक युक्ती होते.

संदेशवहन व पंच : चाल कळविण्यास लागणारा वेळ, ही गतीवरील स्वाभाविक मर्यादा आहे. व्यावसायिक खेळात १९९४ पासून प्रशिक्षक क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणातील रेडिओद्वारे चाल सांगू शकतो. चालीच्या घड्याळात १५ सेकंद उरले, की हा संपर्क तोडला जातो. महाविद्यालयीन खेळाच्या सर्वोच्च श्रेणीत ही सोय २०२४ पासून मिळाली; तोवर खुणा व फलक यांवरच भिस्त होती. जलद खेळताना लांबलचक सूचना देता येत नाहीत, म्हणून चालींची निवड थोड्याच परिचित चालींपुरती मर्यादित राहते. व्हिडिओ खेळात हडल टाळल्यावर संपूर्ण यादी खुली न ठेवता मैदानावरील खेळाडूंना जमतील अशा मोजक्याच चाली द्याव्यात, तसेच घाईमुळे होणाऱ्या चुकांची संभाव्यता वाढवावी, हे यावरून ओघानेच येते. परक्या मैदानावरील गोंगाटाने चालींच्या आकृत्या पडद्यावर वेड्यावाकड्या दिसाव्यात, अशी योजना काही खेळांत आढळते.

पंच हा घटक बहुधा दुर्लक्षिला जातो. चाल संपल्यावर चेंडू योग्य जागी ठेवला जाईपर्यंत कोणताही संघ पुढची चाल सुरू करू शकत नाही. चाळीस यार्ड दूर धावलेल्या रिसीव्हरलाही रेषेवर यावे लागते. व्हिडिओ खेळात दृश्य बदलून खेळाडू व चेंडू क्षणात जागेवर आणले, तर ही नैसर्गिक मर्यादा नाहीशी होते. लांबच्या पासनंतर अधिक आणि मध्यभागी पकडलेल्या धावेनंतर कमी, असा किमान अवधी ठरविल्यास हा दोष पुष्कळसा दूर होतो.

परीक्षण : प्रतिमान कितपत खरे उतरले, हे पडताळण्यासाठी प्रत्येक संघाच्या चालींची संख्या, प्रत्येक चालीमागील सेकंद आणि चाल सुरू होताना घड्याळात उरलेले सेकंद ही मापे वापरतात. केवळ सरासरी जुळणे पुरेसे नसते. सर्वांत जलद व सर्वांत संथ संघांतील अंतरही प्रत्यक्षाशी जुळावे लागते. तसेच आघाडी, बरोबरी व पिछाडी या तीन अवस्थांतील आकडे वेगवेगळे तपासावे लागतात. प्रत्यक्ष खेळाचे नियम बदलले, की मापेही बदलतात. २०२३ पूर्वीच्या महाविद्यालयीन आकडेवारीशी जुळविलेला खेळ त्यानंतरच्या नियमांनुसार अवास्तव ठरतो.

मर्यादा : व्यावसायिक सामना पाहावयास सु. तीन तास लागतात. मात्र १२५ चाली प्रत्येकी ६ सेकंदांच्या धरल्यास प्रत्यक्ष खेळ साडेबारा मिनिटांचाच असतो. उरलेला सर्व काळ तंतोतंत उतरविला, तर खेळणाऱ्याचा धीर सुटेल. म्हणून प्रत्यक्ष वेळ वगळूनही त्या वेळेचा परिणाम मात्र कायम ठेवणे, हीच या कामातील खरी कसोटी ठरते. खेळणाऱ्यास वाट पाहावी लागू नये. पण वाट न पाहण्याची किंमत त्याच्या संघाने मोजावी.

आक्रमणगतीचा प्रश्न प्रत्यक्ष मैदानावरही वादग्रस्त आहे. महाविद्यालयीन नियमसमितीने फेब्रुवारी २०१४ मध्ये असा प्रस्ताव मांडला, की चालीच्या घड्याळाचे पहिले १० सेकंद बचावसंघाला खेळाडू बदलण्यासाठी राखून ठेवावेत आणि त्या काळात चाल सुरू करू नये. थकलेल्या खेळाडूंना दुखापत होण्याचा धोका वाढतो, असे समर्थकांचे म्हणणे होते. वेगवान संघांच्या प्रशिक्षकांना मात्र यात पुराव्याऐवजी संथ संघांची सोयच दिसली. मार्च २०१४ मध्ये प्रस्ताव बाजूला ठेवण्यात आला. वेग हा हक्क की धोका, हा या वादाचा गाभा होता. ज्या व्हिडिओ खेळात थकवा नाही, त्यात हा प्रश्न उपस्थितच होत नाही. तेथे वेगाने खेळणे नेहमीच फायद्याचे ठरते. या खेळांतून फुटबॉलची ओळख करून घेणारा तरुण वर्ग मोठा आहे. दमलेला खेळाडू मैदानावर ठेवण्याची किंमत काय असते, हे त्याला पडद्यावर दिसावे, यासाठीही आक्रमणगतीचे चित्रण वास्तव असणे अगत्याचे आहे.